बेळगावहून तंबू घेऊन सहा दिवस: मोले, दांडेली, अणशी. रात्री मुक्काम कुठे करायचा?

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सहा दिवस आणि पाच रात्री मोकळ्या आहेत. आम्ही दोघं आणि दोन मुलं, वय ९ आणि १२. गाडी अर्टिगा सीएनजी. चार माणसांचा तंबू घेतलाय, अजून एकदाही लावलेला नाही.

बेत असा आहे: बेळगाव – चांदोली – मोले – अणशी – कुद्रेमुख – बेळगाव. चार राष्ट्रीय उद्यानं, प्रत्येक ठिकाणी एक रात्र तंबूत.

विचारायचं ते हे. उद्यानाच्या आत तंबू लावायला परवानगी कुठे मिळते? सीएनजी वाटेत मिळेल का? स्वयंपाक स्वतः करायचा तर गॅस किती न्यावा? आणि मुलं बरोबर असताना रानातल्या कुठल्या गोष्टीची खरी काळजी घ्यावी?

रानवाट_खानापूर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावर सगळा बेत बदलेल. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यानाच्या आत स्वतःचा तंबू लावून राहता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात शिरायलाच परवाना लागतो (कलम २७ आणि २८), आग लावायला बंदी आहे (कलम ३०), आणि कलम ३५ मुळे हेच नियम राष्ट्रीय उद्यानालाही लागतात. परदेशातले व्हिडिओ बघून लोक तंबू विकत घेतात. तिथे उद्यानातच आखलेल्या जागा असतात, प्रत्येक जागेला क्रमांक असतो. इथे तशी सोय नाही. इथे राहायचं ते वन खात्याच्या निसर्ग शिबिरात, खात्याने उभारलेल्या तंबूत किंवा खोलीत, नाहीतर जंगलाबाहेर मालकी जमिनीवर, होमस्टेच्या अंगणात किंवा परड्यात. तुमचा तंबू या शेवटच्या जागीच कामाला येईल.

आता मार्गाकडे बघा. चांदोली उत्तरेला आहे. निपाणी, कोल्हापूर करून शिराळ्याकडून वारणेच्या धरणाकडे जायचं, म्हणजे बाकीच्या तिन्ही ठिकाणांच्या बरोबर उलट दिशेला. कुद्रेमुख दक्षिणेला, कारवारहून उडुपीपर्यंतच दोनशे किलोमीटरच्या वर, तिथून कारकळमार्गे घाट चढायचा आणि परतीला कळसहून बेळगावपर्यंत अख्खा दिवस जाणार. सहापैकी तीन दिवस मुलं गाडीतच बसतील. शिवाय कुद्रेमुख उद्यानातून जाणाऱ्या रस्त्यावर तपासणी नाक्यावर वेळ लिहून चिठ्ठी देतात, मध्ये कुठे गाडी थांबवता येत नाही. तिथल्या डोंगरवाटांना आधी नोंदणी करून परवाना काढावा लागतो आणि शिखरावर मुक्काम करू देत नाहीत. ही दोन्ही उद्यानं या खेपेला सोडा. आपल्या दाराशी इतकं रान आहे की सहा दिवस कमी पडतील.

मी असं आखेन:

पहिला दिवस खानापूर, शिरोलीवरून हेमाडगा. बेळगावहून खानापूर २६ किलोमीटर, वाटेत गणेबैलचा टोल. हेमाडग्याला वन खात्याचं निसर्ग शिबिर आहे. हे भीमगड अभयारण्य, २०११ साली जाहीर झालेलं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. म्हादईचा उगम याच पट्ट्यात, आणि रॉटनच्या वटवाघळांच्या बारापेडे गुहाही इथेच. गुहांकडे परवान्याशिवाय जाऊ नका, ती जात फार थोड्या ठिकाणी उरली आहे आणि माणसाच्या वर्दळीने वटवाघळं जागा सोडतात.

दुसरा दिवस हेमाडग्याहून अनमोड, घाट उतरून मोले. मोले राष्ट्रीय उद्यान १०७ चौरस किलोमीटर, भगवान महावीर अभयारण्याच्या पोटात. दूधसागरला जाणाऱ्या जीप कुळ्याहून सुटतात, त्यासाठी सकाळी लवकर पोचायला हवं. जीप भरेपर्यंत थांबवतात, त्यामुळे चौघांनी गेलात तर दुसऱ्या कुटुंबाबरोबर जावं लागेल. कॅसलरॉकहून रुळावरून चालत जाण्याचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका. तो रेल्वेचा गुन्हा आहे, आणि बोगद्यात बाजूला व्हायला जागा नसते. रात्री मोल्यात खोली घ्या.

तिसरा दिवस परत घाट चढून रामनगर, जगलबेट, गणेशगुडी. दोन रात्री इथे तुमच्या तंबूत, एखाद्या होमस्टेच्या आवारात. चौथ्या दिवशी सकाळी दांडेलीजवळच्या पणसोलीची जंगल सफारी.

पाचवा दिवस जोयडा, कुंभारवाडा, अणशी. तिथल्या निसर्ग शिबिरात रात्र. सहाव्या दिवशी जोयड्यावरून रामनगर, खानापूर, घरी.

नाताळचा आठवडा टाळता आला तर बरं. मोले, कुळे आणि गणेशगुडी त्या आठवड्यात गाड्यांनी भरतात, आणि शिबिरांची नोंदणी फार आधीच संपते. जानेवारीचा दुसरा आठवडा, सोमवार ते शनिवार, सगळ्यात निवांत.

आणखी एक. अनमोडला सीमेचा तपासणी नाका आहे. गोव्यातून दारू आणायची तर परवाना लागतो. गाडी पूर्ण भरलेली असली की सामान उतरवून दाखवण्यात तास जातो, म्हणून तो विषयच नको.

काळीकाठ

रानवाट यांचा मार्ग बरोबर आहे. तंबूच्या जागेबद्दल मी लिहितो, कारण गणेशगुडी, जोयडा भागात बाहेरून येणारी माणसं इथेच चुकतात.

काळी नदीच्या पात्रात किंवा वाळूच्या पट्ट्यावर तंबू लावू नका, पाणी कितीही खाली दिसलं तरी. गणेशगुडीला सुपा धरण आहे, १०१ मीटर उंच. वीजनिर्मिती सुरू झाली की धरणाखाली पाणी सोडतात आणि जिथे दुपारी मुलं खेळत होती तिथे थोड्या वेळात गुडघाभर, कमरेभर पाणी येतं. पाऊस नाही, ढग नाहीत, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. राफ्टिंगवाल्यांचं वेळापत्रकही याच पाण्यावर चालतं. काठावरच्या दगडांवर ओलीची रेघ आणि अडकलेला पालापाचोळा कुठपर्यंत आहे ते बघा, आणि त्याच्या बरंच वर राहा. दांडेलीच्या बाजूला नदीत मगरी आहेत. तिथे पाय बुडवून बसणं, भांडी विसळणं, मुलांना काठावर सोडणं, यातलं काहीही नको.

आवारात जागा निवडताना वर बघा, मग खाली बघा. वर वाळलेली फांदी नको. बांबूच्या बेटाखाली नको, कारण सुकलेला बांबू वाऱ्याने मोडतो आणि हत्ती बांबूसाठी येतो. फणसाच्या झाडाजवळ नको. खाली वारूळ नको, अस्वल वाळवीसाठी वारूळ उकरतं. पानं शिवून केलेली लाल मुंग्यांची घरटी फांद्यांवर असतात, ती झाडं सोडा. जनावरांच्या पायवाटेवर तंबू नको. गवा वाट सोडत नाही, माणसाने सोडायची.

जमीन जांभ्याची आहे. तंबूबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या दुसऱ्याच ठोक्याला वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून ८ ते १० इंची जाड लोखंडी मोळे १६ घ्या, आणि एक किलोचा हातोडा. मोळा तंबूपासून उलट्या बाजूला कलता ठोकायचा, म्हणजे तणावा ओढला तरी निसटत नाही. जिथे मोळा जातच नाही तिथे तणाव्याला आडवी काटकी बांधून तिच्यावर दोन मोठे दगड ठेवा. तणाव्यांना पांढरं फडकं बांधा, नाहीतर रात्री मुलं अडखळून पडणार.

खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी दोन इंच आत दुमडून घ्या. बाहेर राहिली तर वरून ओघळलेलं दव तिच्यावर साचतं आणि सरळ तळाखाली जातं. डिसेंबरात इथे पहाटे दव इतकं पडतं की पाऊस पडल्यासारखं ठिबकतं. तंबू आतून ओला झाला की लोक म्हणतात तंबू गळतो. बहुतेक वेळा गळत नसतो, चौघांच्या श्वासाची वाफ थंड कापडावर जमलेली असते. थंडी वाजते म्हणून झडपा बंद केल्या की आणखी जमते. वरचं कापड ताणून आतल्या कापडापासून वेगळं ठेवा, समोरासमोरच्या दोन्ही झडपा चार बोटं उघड्या ठेवा, फक्त जाळी बंद.

चार माणसांचा तंबू म्हणजे खांद्याला खांदा लावून चार माणसं. सामान आत मावणार नाही, ते गाडीत. घरी गच्चीवर किंवा अंगणात एकदा लावून बघा, दिवसा एकदा आणि अंधारात टॉर्च लावून एकदा.

खाण्याची कुठलीही वस्तू तंबूत नको, बिस्किटाचा पुडाही नको आणि मुलांची टूथपेस्टही नको. वानर दिवसा कापड फाडतात, रानडुक्कर आणि अस्वल रात्री वासाने येतात. सगळं गाडीत, काचा पूर्ण बंद. उष्टं आणि खरकटं घट्ट पिशवीत बांधून तेही गाडीतच, आणि गावात आल्यावर कचऱ्यात.

गॅरेज_शहापूर

गाडीबद्दल.

सीएनजी बेळगावात भरा आणि त्यानंतर विसरा. पुढे जोयडा, अणशी भागात त्यावर विसंबून चालणार नाही. अर्टिगाची पेट्रोलची टाकी ४५ लिटरची. हा सगळा फेरा दांडेलीच्या चकरा धरून चारशे-सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास जाईल. घाटात, भरलेल्या गाडीला लिटरला १२ किलोमीटर धरले तरी एका टाकीत काम होतं. टाकी गच्च भरून निघा आणि दांडेलीत पुन्हा भरा. मोल्यात पेट्रोल कर्नाटकापेक्षा थोडं स्वस्त पडतं, तिथेही भरता येईल. घाट चढताना पेट्रोलवरच चालवा, सीएनजीवर ओढ कमी पडते आणि सारखा गिअर खाली घ्यावा लागतो.

सीएनजीची टाकी डिकीत असल्यामुळे तुमची खरी अडचण जागेची आहे. तिसरी सीट पाडून सामान तिथे ठेवा आणि जड सामान (पाण्याचे कॅन, मोळे, भांडी) मधल्या सीटच्या पाठीला टेकवून खाली. ते मोकळं ठेवलं तर जोराचा ब्रेक लागल्यावर मुलांच्या डोक्यावर येईल, म्हणून पट्ट्याने बांधा. टपावर कॅरियर लावणार असाल तर त्यावर फक्त हलकं आणि फुगीर सामान: तंबू, गाद्या, चादरी. ५० किलोच्या पुढे नको. टपावर वजन वाढलं की अनमोडच्या वळणांवर गाडी झुलते.

हवा भरलेल्या गाडीच्या आकड्याप्रमाणे. तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेला असतो, दोन माणसांचा वेगळा आणि भरलेल्या गाडीचा वेगळा. बहुतेक जण पहिलाच आकडा वर्षभर ठेवतात. मागची चाकं दबलेली राहिली की होमस्टेच्या कच्च्या वाटेवर गाडीचं पोट घासतं, आणि जांभ्याचा एक वर आलेला दगड सायलेन्सर फोडायला पुरतो. चढाच्या खोल चाकोरीतून जाताना एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक कडेवर ठेवा.

घाट उतरताना दुसरा गिअर. ब्रेक सतत दाबून ठेवला की लायनिंग तापतं, करपल्याचा वास येतो आणि पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. तसं झालं तर बाजूला घेऊन अर्धा तास थांबा, चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकते.

बरोबर न्यायचं: हवा असलेली स्टेपनी (निघण्याआधी तपासा, बहुतेकांची बसलेली असते), ट्यूबलेस पंक्चरच्या दोऱ्या आणि सुया, बारा व्होल्टचा हवेचा पंप, ओढायचा दोर, आणि एक फूट लांबी-रुंदीची जाड फळी. फळी यासाठी की मऊ मातीत जॅक गाडी उचलायच्या ऐवजी स्वतःच खाली रुततो.

रात्री प्रवास नको. सहाच्या आत मुक्कामावर. जंगलातल्या रस्त्यावर संध्याकाळनंतर गवे उभे असतात, काळ्या अंगावर दिव्याचा उजेड पडत नाही, आणि पायाचे पांढरे मोजे दिसतात तेव्हा गाडी फार जवळ पोचलेली असते.

टिळकवाडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. चांदोली आणि कुद्रेमुख काढले, सुट्टी जानेवारीत मागतो. एका ओळखीच्यांनी मात्र सांगितलं की नदीकाठी किंवा रस्त्याच्या कडेला गुपचूप तंबू लावला तर कुणी विचारत नाही, शेकोटीही करता येते. खरं का? आणि गॅसचं कुणीतरी सांगा.

रानवाट_खानापूर

ओळखीच्यांचं ऐकू नका. अणशी आणि दांडेली मिळून २००७ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, २०१५ पासून त्याला काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. गस्त असते, कॅमेरे असतात. पकडलं तर गुन्हा नोंदतात, आणि चुलीच्या एका ठिणगीने जानेवारीनंतरचं वाळलेलं गवत पेटलं तर काय होतं ते खानापुरात प्रत्येकाला ठाऊक आहे. शेकोटी हवी तर शिबिरात किंवा होमस्टेत ठरवून दिलेल्या जागी, त्यांना विचारून. ड्रोन घरी ठेवा, त्याला वेगळी परवानगी लागते.

नाक्यावरचे कर्मचारी कन्नड बोलतात, पण जोयड्यात आणि खानापूर भागात मराठी-कोंकणीवर काम भागतं. परवाना आणि ओळखपत्राच्या दोन-दोन छापील प्रती ठेवा, घाटात मोबाइलला रेंज नसते. नकाशा आधीच उतरवून घ्या.

चूलबोळकी

गॅसचा हिशोब सोपा आहे. निसर्ग शिबिरात जेवण मिळतं, मोल्यात हॉटेल आहे. म्हणजे स्वतःचा स्वयंपाक गणेशगुडीच्या दोन रात्री आणि वाटेतली दोन-तीन जेवणं एवढाच. गॅसच्या डब्यावर चालणाऱ्या शेगडीला तासाला साधारण १५० ग्रॅम गॅस लागतो. २३० ग्रॅमचा एक डबा दीड तास. चौघांचा सकाळचा चहा-नाश्ता आणि रात्रीचा भात-आमटी यात तेवढाच वेळ जातो. चार डबे न्या, एक शिल्लक राहील. पाच किलोची छोटी टाकी या सहलीला जास्त होते, जागाही अडवते. दहा-बारा जण असतील तर तीच बरी.

चुका दोन होतात. वारा लागतो म्हणून शेगडीभोवती पत्र्याचा आडोसा पूर्ण गोल करतात. आच परत डब्यावर येते, डबा तापतो आणि फुटू शकतो. आडोसा फक्त वाऱ्याच्या बाजूला, डबा हाताला थंड लागायला हवा. त्यावर मोठा तवा किंवा रुंद पातेलंही नको, तेही आच खाली परतवतं. दुसरी चूक म्हणजे थंडीत शेगडी तंबूत घेणं. आत साचणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वास नसतो, झोप लागते आणि माणूस उठत नाही. तंबूत शेगडी नाही, कोळशाची आगटीही नाही.

पाणी: पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी चार लिटर, म्हणजे दिवसाला १६. वीस लिटरचे दोन कॅन, रोज मुक्कामावर भरून घ्या.

खाणं आपल्याकडचंच सगळ्यात सोयीचं. रविवार पेठेतून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घ्या, आठवडाभर काही होत नाही, चूल लागत नाही, दह्याबरोबर दुपारचं जेवण होतं. धपाटे दोन दिवस टिकतात. डाळ-तांदूळ-मसाला घरीच एका जेवणाच्या मापाने पिशव्यांत भरून त्यावर पाण्याचं माप लिहा. तीन लिटरचा कुकर न्या, गॅस निम्मा लागतो. दूध, दही, भाजी यांना ४० लिटरची बर्फाची पेटी पुरे. चुऱ्यापेक्षा बर्फाची लादी घ्या, ती दुप्पट टिकते. आदल्या रात्री पेटीत थोडा बर्फ टाकून ती थंड करून ठेवा. गरम पेटीत लादी ठेवली तर पहिल्या दिवसाचा बर्फ पेटीलाच थंड करण्यात जातो. जोयड्याच्या बाजारात कुणब्यांचे मुडली आणि कोने हे कंद मिळाले तर घ्या. कुकरला दोन शिट्ट्या, मीठ आणि खोबरेल तेल.

काळीकाठ

मुलांच्या काळजीचं राहिलं. वाघ-बिबट्याची भीती सगळे विचारतात, पण इथे जपायचं ते गोचिडीला.

गोचिडीच्या चाव्यातून होणारा माकडताप या भागात आहे. १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला, आणि आता उत्तर कन्नड, गोव्यातला सत्तरी, इकडे दोडामार्गपर्यंत रुग्ण सापडले आहेत. गोचिडीची पिलं डिसेंबरपासून मेपर्यंत जमिनीवरच्या पालापाचोळ्यात असतात, टाचणीच्या टोकाएवढी, नीट बघितलं नाही तर तीळ वाटावा अशी. म्हणून वाळलेल्या पानांवर बसू नका, आडवं होऊ नका. पायात पूर्ण पँट, ती मोज्यात खोचलेली, कपडे फिक्या रंगाचे. गोचीड दूर ठेवणारं, आरोग्य केंद्रातून मिळणारं डेपा तेल पायाला, हाताला, मानेला, आणि काही तासांनी पुन्हा. रोज संध्याकाळी गरम पाण्याने अंघोळ आणि मुलांची काख, जांघ, कानामागची बाजू, केसांची मुळं तपासा. गोचीड चिकटलेली असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, तेल, पेटती काडी नको, ती आतलं सगळं जखमेत ओकते.

मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वन खात्याला कळवा. घरी परतल्यावर दोन आठवड्यांत अचानक जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी झाली तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की जोयड्याच्या रानात जाऊन आलोय. ते न सांगितल्याने साध्या तापाचे उपचार चालू राहतात आणि दिवस वाया जातात.

सापाबद्दल एकच. इथे कुबड्या नाकाचा घोणसासारखा छोटा चापडा असतो, पानांत बसला तर दिसत नाही. आपल्याकडच्या सर्पविषाच्या लसीचा त्याच्या विषावर उपयोग होत नाही, म्हणून तो चावूच नये हे बघायचं. अंधारात टॉर्चशिवाय एक पाऊलही नाही, बूट झटकून मगच पाय आत, लाकूड उचलायचं तर आधी काठीने हलवून. तरीही साप चावलाच तर १०८ ला फोन करून सरळ दवाखाना, चिरणं-चोखणं नाही, आवळपट्टी नाही, पाय हलू न देता.

सिंथेरी रॉक्सला गेलात तर अत्तर, धूर, आरडाओरडा नको. त्या कड्यावर आग्या मोहोळं आहेत, आणि खाली उतरायला पायऱ्यांची एकच वाट आहे.

टिळकवाडीकर

तंबू काल रात्री गच्चीवर लावला, पाऊण तास लागला. वरचं कापड उलटं बसवलं होतं. परतल्यावर ओला तंबू कसा ठेवायचा?

काळीकाठ

सहाव्या दिवशी दवाने भिजलेलाच गुंडाळून आणाल, ते ठीक आहे, पण त्याच रात्री उघडा. ओला तंबू दोन दिवस पिशवीत राहिला की काळे डाग पडतात आणि शिवणीवरची पट्टी सुटायला लागते, मग तो खरोखर गळतो. आधी आतून झाडून पानं, माती काढा, त्यात गोचीड असू शकते. मग दोरीवर सावलीत, दोन्ही बाजू एकेक दिवस. कडक उन्हात नको, कापडाचा लेप करपतो. ठेवताना घट्ट गुंडाळू नका, सैल पोत्यात कोंबला तरी चालतो.